सीटखालचं ॲसिड

मोटारसायकलच्या बॅटरीच्या पाठीवर एक बारीक ओळ छापलेली असते. माझ्या गाडीच्या बॅटरीवर ती अशी आहे: १२ व्होल्ट, ४ एएच, आणि खाली चार्जिंगचा करंट ०.४ अँपिअर, ५ ते १० तास. ही ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा ती बॅटरी निकामी झालेली होती.

झालं असं, की गणपतीला गावी गेलो आणि बारा दिवस गाडी पालघरच्या आमच्या सोसायटीत पत्र्याखाली उभी राहिली. परत आल्यावर सेल्फ मारला, तर नुसतं ‘टक्’. किक नाहीच. उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरात टाकून पाहिली, तेही नाही. मग बॅटरी काढून पिशवीत घातली आणि बोईसरला कामावर जाता जाता रस्त्यातल्या एका गॅरेजात दिली. तिथल्या पोराने ती ट्रक-टेम्पोच्या मोठ्या चार्जरला लावली आणि म्हणाला, “अर्ध्या तासात फुल करून देतो.” अर्ध्या तासाने बॅटरीचं पोट फुगलेलं, बाजू चटका बसेल इतक्या गरम आणि नाकाला झोंबणारा आंबट वास. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. लवकर करून दे म्हणून मीच त्याच्या मानेवर बसलो होतो.

एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. ४ एएचची बॅटरी म्हणजे छोटा गडू समजा. ०.४ अँपिअरची धार धरली की तो शांतपणे भरतो. मोठा चार्जर त्यात पाच-दहा अँपिअर ओततो, म्हणजे गडू थेट बंबाच्या नळाखाली धरल्यासारखं. बॅटरीच्या एएचचा दहावा भाग एवढाच करंट द्यायचा, हा जुना हिशेब आजही चुकत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत आणि स्कूटरमध्ये आज तीन-चार एएचच्या बॅटऱ्या असतात. बुलेटच्या घराण्यात आठपासून चौदापर्यंत. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी दीडशे एएचची असते आणि तिचा चार्जर दहा-पंधरा अँपिअर ढकलतो. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीला वायरी जोडून गाडीची बॅटरी ‘भरून घेण्याचा’ जो जुगाड आपल्याकडे चालतो, तो करू नका. लॅपटॉपच्या जुन्या अडॅप्टरच्या वायरी कापून केलेला चार्जरही त्याच माळेचा मणी. तो १९ व्होल्टचा असतो.

पूर्वी बॅटरी उतरली तरी फारसं अडत नसे. किक होती आणि कार्ब्युरेटरला विजेची गरज नव्हती. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत आपोआप पेटता राहू लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले आणि कार्ब्युरेटरच्या जागी बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. पेट्रोलचा पंप, सेन्सर, छोटा संगणक हे सगळं विजेवर चालतं. त्याच सुमाराला अनेक गाड्यांवरून किकही गेली. त्यामुळे बॅटरी साफ बसलेली असली तर धक्का मारूनही बऱ्याच गाड्या चालू होत नाहीत, कारण पंपच फिरत नाही. ही बॅटरी आकाराने लहान, तिच्यावर भार मोठा आणि आपलं तिच्याकडे लक्ष नाही, असा हा मामला आहे.

आत असतं काय? १८५९ साली गॅस्टन प्लाँते या फ्रेंच माणसाने शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी केली. आपल्या सीटखाली अजून तीच आहे. सहा कप्पे, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट, मिळून साडेबाराच्या वर. एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढत जातो आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज करताना हा प्रवास उलटा होतो. थर विरघळतो, ॲसिड पुन्हा घट्ट होतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर तो मऊ थर कडक स्फटिक बनतो. गुळाची ढेप जशी पावसाळ्यानंतर दगड होते तसं समजा. मग कितीही चार्ज करा, ती ढेप विरघळत नाही. ‘बॅटरी चार्ज धरत नाही’ असं मेकॅनिक म्हणतो ते हेच. उतरलेली बॅटरी रविवारी बघू म्हणून आठवडा-आठवडा तशीच ठेवणं हे तिला मारण्याचं सगळ्यात खात्रीचं साधन आहे.

जास्त चार्जिंगचा धोका याच्या उलट्या टोकाला. बॅटरी भरत आली आणि व्होल्टेज साडेचौदाच्या वर गेलं, की पट्ट्यांवर करायला काम उरत नाही. मग करंट आतलं पाणी फोडू लागतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि ही मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत ताणलेली आहे. ना रंग, ना वास. आजच्या सीलबंद ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीत सुटलेला ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा पाण्यात मुरवण्याची सोय असते, म्हणून तिला पाणी घालावं लागत नाही. पण करंट जास्त झाला की ही सोय कमी पडते, आतला दाब वाढतो आणि झडप उघडून वायू बाहेर येतो. सीलबंद म्हणजे वायू येतच नाही, हा समज खोटा आहे. ती टोपणं उचकटून वरून पाणी घालणारे महाभागही असतात. त्याने बॅटरी सुधारत नाही, फक्त झडपा बिघडतात.

तारापूरच्या परिसरात राहणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या शेजारचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज बनवतंय. अशा केंद्रांतही शेवटचा आधार बॅटऱ्यांचाच असतो. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर, आणि त्याच्याही आधी, क्षणाचाही खंड न पडता मीटर-यंत्रणा जागी ठेवायला बॅटऱ्यांची रांग. २०११ च्या मार्चमध्ये जपानच्या फुकुशिमात त्सुनामीच्या पाण्याने ही व्यवस्था बुडाली. तेव्हा तिथल्या कामगारांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्यांवर अणुभट्टीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी मीटरं जिवंत केली. एका भट्टीचा व्हॉल्व उघडायला त्यांनी १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडून १२० व्होल्ट उभे केले. तर, अशा केंद्रांत, वीज उपकेंद्रांत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये या बॅटऱ्यांना वेगळी खोली असते आणि हायड्रोजन साठू नये म्हणून एक्झॉस्ट पंखा असतो. आत विडी-काडी चालत नाही. आपण मात्र तीच जातकुळी पलंगाच्या उशाशी लावतो. आकार लहान आहे हे खरं, पण खोलीही लहान आहे.

बोईसरमध्ये एमआयडीसीच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांची रांगच्या रांग आहे. दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, तीही डासांमुळे आणि बाहेरच्या वासामुळे बंद. तिथेच गॅसची शेगडी, तिथेच देव्हारा, रात्री मच्छरांची अगरबत्ती. अशा खोलीत चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ कुणी निरांजन ठेवलं किंवा शेगडी पेटवली, तर पुढचं बोलायला नको. पडवी, गच्ची, गॅलरी, जिन्याखालची नव्हे तर अंगणातली पत्र्याची जागा, यांपैकी काहीही चालेल; वारा खेळता हवा आणि पावसाचा सपकारा येऊ नये. जिन्याखालची जागा मुद्दाम नको म्हटली, कारण काही पेटलं तर सगळ्या मजल्यांची बाहेर पडायची वाट तीच असते. काहीच जागा नसेल, तर सरळ बॅटरीच्या दुकानात द्या आणि हळू चार्जिंग करायला सांगा. चोवीस तास दुकानात राहिली तर काही बिघडत नाही.

आता हात घालायचा कसा ते.

चावी काढा, गाडी बंद करून थोडी थंड होऊ द्या. हातातली अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. हे सोवळं वाटेल, पण १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात आणि इथेच फसतात. झटका बसत नाही हे खरं. पण प्लस आणि मायनस यांच्यामध्ये पाना किंवा अंगठी आली, तर एवढीशी बॅटरीही क्षणभर शंभराच्या घरात अँपिअर सोडते. पाना तापतो. अंगठी बोटात असली तर बोटाचं काय होईल ते लिहीत नाही.

सीट किंवा साइड पॅनेल उघडा. दहा नंबरचा पाना किंवा स्टार स्क्रू ड्रायव्हर पुरतो. आधी काळी वायर, म्हणजे मायनस, सोडा, मग लाल. हा क्रम का? गाडीची चेसिस मायनसला जोडलेली असते. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, की शॉर्ट. मायनस एकदा सुटली की मग पाना चेसिसला टेकला तरी काही होत नाही. बसवताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. इंजिन चालू असताना मात्र बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायचं नाही. जुन्या गाड्यांत मेकॅनिक ते करायचे, इंजेक्शनच्या गाडीत त्याने संगणक जाऊ शकतो.

आपल्या किनारपट्टीवर टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी हमखास सापडते. खारी हवा आणि झिरपणाऱ्या ॲसिडची वाफ, दोन्हींचा हातभार. ती बोटाने झटकू नका. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवा, जुन्या टूथब्रशने लावा; फसफसून भुकटी सुटते. पुसून कोरडं करा आणि वायर पुन्हा घट्ट बसवल्यावर वरून थोडं व्हॅसलिन फासा. कित्येकदा बॅटरी उतरलेलीच नसते, ही भुकटीच वाट अडवून बसलेली असते. पाच रुपयांच्या सोड्याने पंधराशेची खरेदी टळते.

मग मल्टीमीटर. अडीच-तीनशेत मिळतो आणि घरात असावाच. बॅटरी काही तास नुसती ठेवून मोजा. १२.६ ते १२.८ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी; ११.८ च्या खाली रिकामी. १०.५ च्या आसपास अडकलेली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर बहुधा एक कप्पा मेलाय. ती चार्जिंगला लावण्यात अर्थ नाही आणि धोकाही आहे, कारण चार्जर ती कधीच भरत नाही असं धरून ओततच राहतो. फुगलेली, तडकलेली, गळणारी बॅटरीही चार्जरपासून लांबच.

चार्जर घेताना दोन गोष्टी बघा: करंट मोटारसायकलच्या बॅटरीला सोसेल इतका हवा, म्हणजे एएचच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि भरल्यावर स्वतःहून कमी होणारा ऑटोमॅटिक हवा. जोडताना भिंतीवरचा स्विच बंद. लाल क्लिप प्लसला, काळी मायनसला, मगच स्विच चालू. काढताना आधी स्विच बंद, मग क्लिपा. चालू चार्जरची क्लिप उपटली की ठिणगी पडते, आणि तीही नेमकी जिथे हायड्रोजन जमलाय तिथे. सगळ्यात जास्त अपघात या एका सेकंदात होतात असं माझं मत आहे, कारण तेव्हा काम संपलेलं असतं आणि माणूस घाईत असतो.

खरा झटका देणारी बाजू भिंतीकडची, २३० व्होल्टची. पावसाळ्यात ओल्या लादीवर चार्जर, टेप गुंडाळलेली एक्स्टेन्शन आणि ओले हात, हे त्रिकूट टाळा. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेली असली तर उत्तम. बॅटरी लाकडी फळीवर किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते असं आजही सांगतात. लाकडाच्या आणि रबराच्या डब्यांच्या काळात त्यात तथ्य होतं, प्लास्टिकच्या डब्याला ते लागू नाही. फळी हवी ती लादीवर ॲसिडचा डाग पडू नये म्हणून.

वेळेचा हिशेब सोपा आहे. ४ एएचची बॅटरी अर्धी रिकामी असेल तर २ एएच भरायचे, ०.४ ने भागले तर पाच तास, वर तासभर नुकसानीचा. मध्ये एक-दोनदा हात लावून बघा: कोमट चालेल, गरम नको. हात लावायचा म्हणजे जागं राहायचं. रात्रपाळीहून येऊन चार्जिंगला लावायची आणि झोपायचं, हा आपल्याकडचा सर्वमान्य क्रम आहे आणि तोच सगळ्यात वाईट. जुन्या पाण्याच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी टोपणं सैल ठेवतात, पाण्याची पातळी दोन रेघांच्या मध्ये असावी लागते, आणि घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर. एसीच्या नळीतलं पाणी चालतं म्हणणाऱ्यांनी एसीची आतली जाळी एकदा उघडून बघावी. अंगावर ॲसिड उडालं तर लगेच भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि तसंच डॉक्टरकडे. डोळा चोळायचा नाही.

आतापर्यंत सगळं शिशाच्या बॅटरीचं. इलेक्ट्रिक स्कूटरची लिथियम बॅटरी हा वेगळा प्राणी आहे, आणि तिचा सगळ्यात कडू धडा आपल्याच जिल्ह्यात मिळालाय. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात स्कूटरची काढून आणलेली बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दवाखान्यात वारला. त्याच वर्षी देशभर अशा आगी लागल्या होत्या. त्या आगींनंतर सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरीचे नियम कडक केले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. पण नियम नव्या बॅटरीला लागू होतात, आपल्या हॉलला नाही. लिथियममध्ये चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटण्याची भानगड नसते. तिथे एक पेशी तापली की शेजारची तापवते आणि ही साखळी थांबवता येत नाही. त्यामुळे तिचा स्वतःचाच चार्जर, कधीही शिशाच्या बॅटरीचा नाही. उन्हातून आलेली गाडी थंड झाल्यावरच चार्जिंग. पडलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी कंपनीच्या माणसाला दाखवल्याशिवाय नाही. धूर दिसला तर उचलून बाहेर न्यायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ ला फोन करा.

माझी तिसरी बॅटरी आता दुसऱ्या वर्षात आहे. महिनाभर गाडी चालणार नसेल तर मायनस सोडून ठेवतो, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गॅलरीत चार्जरला लावतो, दिवसा. सातपाटीचे मच्छीमार जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करतात. उभ्या गाडीची तेवढीच निगा राखली तरी पुरे.

फुगलेली दुसरी बॅटरी काही दिवस माळ्यावर पडून होती. भंगारवाला दाराशी येऊन मागत होता, पण त्याच्याकडे ती फोडली जाते, ॲसिड गटारात जातं आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. त्या धुराने मुलांच्या मेंदूला इजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्या. तिचे पैसे बिलातून वजा होतात.